सहा व्होल्टची शेव्हर्ले बारा व्होल्टवर: मोंढा नाक्याजवळच्या एका दुकानातील काम

छत्रपती संभाजीनगरात मोंढा नाक्याच्या परिसरात डायनामो (इंजिनवर फिरून बॅटरी भारणारे जनित्र) आणि सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या दुकानात आमच्या १९४८च्या शेव्हर्ले फ्लीटमास्टरची सारी विद्युत व्यवस्था ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर नेण्यात आली. मराठवाड्यात अशा गाड्या मोजक्याच उरल्या आहेत आणि हे काम मुंबई-पुण्याला न्यावे की येथेच करावे, या विचारात त्यांचे मालक वर्षानुवर्षे अडकून पडतात. त्यांच्यासाठी हे परीक्षण थोडे तपशिलात लिहीत आहे. वायरिंग उत्तम झाले, मोजमापाची शिस्त त्याहून उत्तम होती, पेट्रोलच्या मीटरने मात्र बराच त्रास दिला आणि वेळेच्या बाबतीत दुकानाचा शब्द फारसा धरू नये, असे माझे मत आहे.

शेव्हर्लेने स्वतःच १९५५च्या मॉडेलपासून १२ व्होल्टची व्यवस्था स्वीकारली, त्यामुळे या बदलात गाडीच्या जातीला न शोभणारे असे काही नाही. गणित सोपे आहे. ४५ वॅटचा दिवा ६ व्होल्टवर साडेसात अँपिअर प्रवाह घेतो, तर १२ व्होल्टवर पावणेचार. प्रवाह निम्मा झाला की गंजलेल्या जोडांत आणि लांब तारांत वाया जाणारे व्होल्टही निम्मे होतात, आणि अर्धा व्होल्ट गळाला तर सहातून तो जितका जाणवतो तितका बारातून जाणवत नाही. आमच्याकडच्या मे महिन्यात, पारा ४२ अंशांवर असताना, दौलताबादचा घाट चढून खुलताबादला थांबलेली गाडी पुन्हा सुरू करताना सेल्फ जो कण्हत फिरतो, तो अनुभव ६ व्होल्टच्या प्रत्येक गाडीवाल्याला आहे.

तरीही दुकानाच्या मिस्त्रींनी लगेच काम हाती घेतले नाही, आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर तेथूनच सुरू होतो. “साहेब, आधी अर्थ बघू, मग व्होल्टला दोष देऊ,” असे म्हणून त्यांनी अर्थ, म्हणजे बॅटरीची गाडीच्या लोखंडाशी असलेली जोडणी, तपासायला घेतली; मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरून मला सेल्फ मारायला लावले. जेथे काटा जेमतेम हलायला हवा होता, तेथे अर्ध्या व्होल्टहून अधिक गळती दिसली. पुढच्या दिव्याच्या होल्डरपाशी तर पाच व्होल्टही पोहोचत नव्हते. व्होल्ट इतके उतरले की दिव्याचा उजेड निम्म्यावर येतो. त्यांनी अर्थची पट्टी काढली, तिच्याखालचा रंग आणि गंज खरवडून लोखंड चकचकीत केले, नवी जाड पट्टी बसवली, आणि एवढ्यानेच सेल्फ बराच सुधारला. अर्थ आणि केबल नीट असतील तर ६ व्होल्टवरही गाडी चालते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पैसे मिळवून देणाऱ्या कामाआधी असे सांगणारा कारागीर मला मोलाचा वाटतो. शेवटी बदल करण्याचे ठरले ते ६ व्होल्टची चांगली बॅटरी आणि पुढचे सील्ड बीम (काच, परावर्तक आणि तार एकत्र बंद केलेले दिवे) येथे सहज मिळत नाहीत म्हणून.

जुन्या हार्नेसची (गाडीभर फिरणाऱ्या तारांच्या जुडग्याची) कापडी वेष्टनाखालची रबराची साल उन्हाने ठिसूळ होऊन हाताला चुऱ्यासारखी लागत होती. तारेची जाडी १२ व्होल्टला पुरेशी होती, कारण प्रवाह कमी होणार होता, पण अशी साल ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून संपूर्ण हार्नेस नवा बांधला गेला. प्रत्येक थिंबल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) दाबून वर कथलाचा डाग दिलेला, स्लीव्ह चढवलेली, पत्र्यातून तार जाते तेथे रबरी बूच, आणि मूळ गाडीत नव्हता असा स्वतंत्र फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली, बाहेरून न दिसणारा. सेल्फच्या जाड केबल तशाच राहू दिल्या, तेही योग्यच झाले.

डायनामो आणि कटआऊट (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा आपोआप चालणारा खटका) काढून मारुती ८००चा अल्टरनेटर, म्हणजे डायनामोच्या जागी येणारे नव्या पद्धतीचे जनित्र, बसवला आहे; त्याच्या पोटातच व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर असतो. पुलीची खोबण जुन्या रुंद पट्ट्याशी जुळावी म्हणून अल्टरनेटरची पुली बदलली. जुना अँमीटर (प्रवाह दाखवणारे मीटर) मात्र अल्टरनेटरचा सगळा प्रवाह पेलण्यासाठी केलेला नसतो. बॅटरी उतरलेली असताना तो आणि त्याची तार जळू शकते. हे ओळखून मिस्त्रींनी चार्जिंगची मुख्य तार थेट बॅटरीकडे नेली आणि लपवलेला एक छोटा व्होल्टमीटर दिला. इंजिन चालू असताना तो १४ व्होल्टच्या आसपास स्थिर असतो.

ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी कॉइल साधारण ३ ओहमची, १२ व्होल्टची घेतली. सहा व्होल्टची कॉइल तशीच ठेवली असती तर पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) लवकर जळाले असते. पॉइंट आणि कंडेन्सर जुनेच आहेत. वायपर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतात, तापमान आणि ऑइलचे मीटर यांत्रिक आहेत, त्यामुळे त्यांना हात लावावा लागला नाही. सेल्फ मूळचाच आहे: या गाडीत पायाचे पेडल दाबले की आधी पिनियन (सेल्फचे छोटे दातेरी चाक) इंजिनच्या चाकाच्या दातांत बसते आणि मग संपर्क जुळतो, त्यामुळे दुप्पट व्होल्टनेही दातांवर घाव बसत नाही. फक्त पेडल लांबवर दाबून धरू नये, ही सूचना पाळली पाहिजे. तापलेले इंजिन आता एका दमात उचलते, आणि वेरूळच्या रस्त्यावर रात्री खड्डा आधीच दिसतो.

आता तक्रारीचे. पेट्रोलच्या मीटरला प्रथम साधा रेझिस्टर लावला गेला. टाकीतील तरंगता खटका हलला की मीटरमधून जाणारा प्रवाह बदलतो, आणि त्याबरोबर रेझिस्टरवर गळणारे व्होल्टही. म्हणून टाकी निम्मी असताना काटा पाऊण दाखवत होता. मी आग्रह धरल्यावर स्थिर ६ व्होल्ट देणारा रेग्युलेटर बसवला गेला आणि काटा ताळ्यावर आला, पण हे पहिल्याच वेळी व्हायला हवे होते. जुना हॉर्न जागेवर शोभेसाठी ठेवून जाळीमागे १२ व्होल्टचा हॉर्न रिलेवर (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणाऱ्या खटक्यावर) दिला आहे, ही तडजोड मला मान्य आहे. व्हॉल्व्हचा जुना रेडिओ त्यांनी जोडलाच नाही, कारण त्याचा व्हायब्रेटर (बॅटरीच्या व्होल्टवरून रेडिओला लागणारे जास्त व्होल्ट मिळवून देणारा भाग) ६ व्होल्टचा आहे. त्यासाठी वेगळा कारागीर शोधावा लागेल. दिलेली तारीख दोनदा पुढे गेली आणि फोन करूनही उत्तर मिळत नसे, हेही नोंदवणे भाग आहे.

नवी बॅटरी, अल्टरनेटर, दिवे आणि मजुरी धरून खर्च ३०,००० रुपयांच्या आत राहिला. बिलात साहित्य आणि मजुरी वेगळी लिहिलेली होती. काढलेला डायनामो, कटआऊट, कॉइल, दिवे अशी प्रत्येक वस्तू चिठ्ठी लावून खोक्यात परत मिळाली, आणि कोठेही पत्र्याला नवे भोक पाडलेले नाही, त्यामुळे उद्या कोणी गाडी मूळ अवस्थेत न्यायची म्हटली तर नेता येईल. ज्यांच्याकडे त्या काळची डॉज, प्लिमथ किंवा फोर्ड आहे, त्यांनी दुकानात पोहोचताच आपली गाडी धन अर्थची (बॅटरीचे धन टोक गाडीच्या लोखंडाला जोडलेली) आहे हे सांगावे. शेव्हर्ले ऋण अर्थची असल्याने आमच्याकडे तो प्रश्न आला नाही, पण त्या गाड्यांत अल्टरनेटर बसवताना बॅटरीची टोके, कॉइलच्या तारा आणि अँमीटर या तिन्हींची दिशा उलटावी लागते, आणि ते काम मिस्त्रींकडून आपल्या डोळ्यांसमोर मल्टिमीटर लावून करून घ्यावे.