डॉबरमनचे पिल्लू घेताना : कापलेले कान-शेपूट की जन्मजात?

डॉबरमन घ्यायचे नक्की झाले की ब्रीडरचा एक प्रश्न ठरलेला असतो : “कान करून देऊ का?” शेपटाविषयी बहुधा विचारले जात नाही, कारण ते तोवर कापून झालेले असते. माझ्याकडे दोन्ही प्रकारचे कुत्रे राहिले आहेत. पहिला, सुलतान, कान आणि शेपूट कापलेला होता. त्याच्यानंतर आलेला बाजी जसा जन्मला तसाच आहे. दोघेही नर, दोघेही सांगलीबाहेरच्या आमच्या घरी वाढलेले. त्यामुळे जे सोसले आणि जे पाहिले, तेवढ्याच आधारावर मी ही तुलना करतो आहे.

दिसण्याचा मुद्दा आधी संपवतो. सुलतान फाटकाशी उभा राहिला की रुबाबदार दिसत असे, हे मी नाकारणार नाही. बाजीकडे पाहून काही जण “हा खरंच डॉबरमन आहे का?” असे अजूनही विचारतात. राखणीच्या कामात मात्र मला दोघांत फरक आढळला नाही. अनोळखी माणूस बाजीचा आवाज ऐकूनच रस्त्यावर थांबतो. त्याचे कान पाहण्याइतका जवळ तो येतच नाही.

आता कानांविषयी सविस्तर लिहितो. सुलतानचे कान नवव्या आठवड्यात, भूल देऊन कापले. टाके निघाले की काम संपले, असा माझा समज होता. प्रत्यक्षात खरे काम त्यानंतर सुरू होते. कानाची कूर्चा उभी राहून घट्ट होईपर्यंत कान आधार देऊन चिकटपट्टीने बांधून ठेवावे लागतात आणि ती पट्टी दर पाच-सहा दिवसांनी बदलावी लागते. आमचे ते दिवस नेमके पावसाळ्यात आले. पट्टीखाली ओल धरायची, कानाच्या मुळाशी कातडी लाल व्हायची आणि कुबट वास यायचा. पत्नी त्याला मांडीवर घट्ट धरायची आणि मी खोबरेल तेलाचे बोट पट्टीच्या कडेने फिरवत ती सोडवायचो. तरीही केस ओढले जायचे आणि ते एवढेसे पिल्लू कण्हायचे. दात बदलताना, पाचव्या महिन्यात, उजवा कान पुन्हा पडला आणि आणखी सहा आठवडे हीच बांधाबांध करावी लागली.

हा त्रास तिथेच संपला असता, तर कदाचित मी तो विसरूनही गेलो असतो. पण त्यानंतर डोक्याकडे हात नेला की सुलतान मान खाली घालून मागे सरकू लागला. खाऊ देणाऱ्या हातापासूनही तो असाच सरकायचा आणि माझ्या लहान मुलीच्या हातापासूनही. पाठीवर हात फिरवला तर तो तासभर बसून राहायचा. डोक्याला मात्र त्याने आम्हाला नऊ वर्षे, अखेरपर्यंत, मोकळेपणाने हात लावू दिला नाही. याचे कारण ती पट्टीच होती, असे मी सिद्ध करू शकणार नाही. एखादे पिल्लू मुळातच बुजरे असू शकते. पण बाजी घरी आला, त्याच आठवड्यात त्याने आपणहून माझ्या तळहाताखाली डोके घातले आणि त्याचे मऊ, उबदार कान मी बोटांत धरले तरी तो डोळे मिटून बसून राहिला. माझ्यापुरता निर्णय त्या संध्याकाळीच झाला.

लोंबत्या कानांत जंतुसंसर्ग होतो, असे ऐकवले जाते. बाजीचे कान मी आठवड्यातून एकदा कापसाने पुसतो. पाच वर्षांत एकदाच औषध घालावे लागले. उलट, डॉबरमनमध्ये व्हॉन विलेब्रँड हा रक्त गोठण्यातील आनुवंशिक दोष बऱ्याच प्रमाणात आढळतो आणि अशा जातीच्या कुत्र्यावर केवळ दिसण्यासाठी शस्त्रक्रिया करणे मला आता धोक्याचे वाटते.

शेपटाच्या बाबतीत कापलेल्या कुत्र्याची बाजू अधिक भक्कम आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बाजी आनंदला की टीपॉयवरचे कप खाली येतात. दीड वर्षाचा असताना बोळातल्या भिंतीवर आपटून त्याच्या शेपटाचे टोक फुटले. भिंतीवर मांडीएवढ्या उंचीपर्यंत रक्ताचे शिंतोडे उडाले होते आणि जखम भरायला तीन आठवडे लागले. सुलतानला हे कधीच झाले नसते. मात्र सुलतानच्या त्या बोटभर खुंटावरून तो घाबरला आहे की खूश आहे, हे मला नेहमी कळत नसे. डॉक्टरांच्या टेबलावर बाजीचे शेपूट पोटाखाली जाते आणि मी वेळीच त्याला जवळ घेतो.

हीच जखम भरली नसती तर डॉक्टरांना शेपूट कापावे लागले असते, आणि ते योग्यच ठरले असते. बंदीविषयी बोलताना इथेच गल्लत होते. पाळीव प्राण्यांच्या संरक्षणासाठी 1987 मध्ये झालेल्या युरोपीय कराराच्या दहाव्या कलमात शेपूट कापणे, कान कापणे, भुंकणे बंद करण्यासाठी स्वरयंत्रावर शस्त्रक्रिया करणे, नखे आणि दात काढणे यांवर बंदी आहे. पण पशुवैद्याला वैद्यकीय कारणासाठी आवश्यक वाटणारी शस्त्रक्रिया तीतून वगळली आहे. डॉबरमन ज्या जर्मनीत घडला, तिथे कान कापणे 1987 पासून आणि शेपूट कापणे 1998 पासून बंद आहे. स्कॉटलंडने आधी शेपटावर सरसकट बंदी घातली आणि 2017 मध्ये शिकारीच्या कामातील स्पॅनियलसारख्या कुत्र्यांसाठी ती सैल केली, कारण झुडपांत त्यांची शेपटे खरोखरच जखमी होत होती. ती सवलत मला समजू शकते. अंगणात राहणाऱ्या डॉबरमनला ती लागू पडते, असे मात्र वाटत नाही.

आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराचे अंग तोडणे हा गुन्हा आहे. गुरांची शिंगे काढणे, खच्चीकरण, डाग देणे, वेसण घालणे अशा गोष्टी त्यातून नावे घेऊन वगळल्या आहेत. त्यांत कुत्र्याचे कान-शेपूट नाही. पण कान-शेपटाचा स्पष्ट उल्लेखही त्या कलमात नाही आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये लिहिलेला आहे. मला या दंडापेक्षा स्पष्ट बंदी अधिक उपयोगाची वाटते, कारण आज जो ब्रीडर कापत नाही, त्याची पिल्ले मागे राहण्याची भीती असते. सर्वांनाच मनाई झाली तर ही भीती उरणार नाही.

ज्यांना कडक, उभ्या कानांचाच डॉबरमन हवा आहे आणि जे कित्येक महिने पट्ट्या बदलायला तयार आहेत, त्यांना मी अडवू शकत नाही. एवढेच सुचवेन की होकार देण्याआधी पट्टी बदलताना एकदा समोर बसून पाहावे. जन्मजात शेपूट हवे असेल, तर पिल्लू पसंत करायला जाईपर्यंत थांबून चालत नाही, कारण शेपूट साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशीच कापले जाते. बाजीची आई गाभण असतानाच मी ब्रीडरना पैसे देऊन, एका नराचे कान-शेपूट कापू नका, असे लिहून दिले होते. त्या वेतात आठ पिल्ले झाली. बाजीला मी चौथ्या दिवशी पाहिले, तेव्हा आईला बिलगलेल्या त्या आठांत शेपूट फक्त त्याचे होते. उरलेल्या सातांना तोवर कोणी गिऱ्हाईक ठरलेले नव्हते.