ताई ची, नऊ महिन्यांनी: दोन वजनकाटे आणि एक रिकामा पाय

नाशिकच्या पंचवटीत माझं मेडिकल आहे. सकाळी नऊला शटर वर, रात्री साडेदहाला खाली, मधे जेवणाचे दीड तास. बाकी सगळा वेळ उभा. २१ वर्षं झाली. दुकानदार दोन पायांवर उभा असतो असं वाटत असेल तर एकदा काउंटरच्या आत डोकावून बघा. डावी कोपर काचेवर, उजवा पाय खालच्या खोक्यावर आणि सगळा देह डाव्या पायावर.

दोन वर्षांपूर्वी कंबर धरायला लागली, मग रात्री डाव्या पोटरीत गोळे. बेल्ट, मलम, स्प्रे, जेल, माझ्याच फळीवरचं सगळं वापरून झालं. खरेदीच्या भावात पडलं एवढाच काय तो फायदा. एक्स-रे स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, "गोळी लिहून देतो, पण आधी नीट उभं राहायला शिका." ४८व्या वर्षी हे ऐकून घ्यायचं म्हणजे रागच आला.

जिम तीन आठवड्यांत सुटली. योगासनांना मांडी घालायची म्हटलं तरी गुडघे तक्रार करायचे. चौकशी करता करता ताई ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामापर्यंत पोचलो. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "कोणत्या ताईची?" हा विनोद गेल्या नऊ महिन्यांत मी किमान पन्नास जणांकडून ऐकलाय, तेव्हा तुम्ही करू नका.

पहिला क्लास फसला. नाव घेत नाही. तीन महिन्यांची फी आगाऊ, काळ्या पोशाखाचे वेगळे पैसे, आणि पहिल्याच आठवड्यात मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत खाली बसवून ठेवलं. चिनी योद्धे म्हणे असेच घडतात. योद्धा घडायच्या आधी माझा उजवा गुडघा सुजला. पैसे परत मागितले तर नियमांचा कागद पुढे आला. तो पोशाख मात्र वाया गेला नाही. यंदाच्या रंगपंचमीला तोच घालून रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारली.

नंतरचे सर सापडले ते एका गिऱ्हाइकामुळे. गंगापूर रोडच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी सहाची बॅच, सात-आठ जण. जुलै होता, बाहेर पावसाची झोड. सरांनी नाव विचारलं, गुडघा बघितला आणि म्हणाले, "डावा पाय उचला." मी उचलला आणि डावीकडे कलंडलो, शेजारच्या स्कूटरच्या आरशाला धरलं म्हणून वाचलो. सर म्हणाले, "भरलेला पाय उचलता येत नाही. आधी तो रिकामा करा, मग तो आपोआप उचलला जाईल."

भरलेला पाय म्हणजे भार असलेला, रिकामा पाय म्हणजे भार नसलेला. यांग छंगफू नावाच्या गुरूंनी ताई चीची जी दहा सूत्रं सांगितली, त्यांतलं हे एक: भरलेलं आणि रिकामं वेगळं ओळखा. हे मला नंतर कळलं. त्या रात्री मी वेगळंच केलं. दुकानात विक्रीला दोन सारखे वजनकाटे होते. शटर ओढल्यावर ते शेजारी शेजारी मांडले, एकावर डावा पाय, दुसऱ्यावर उजवा, नजर समोरच्या फळीवर, आणि हेल्परला आकडे वाचायला सांगितले. डावीकडे ४९ किलो, उजवीकडे २५. मला वाटत होतं मी अगदी सरळ उभा आहे. हेल्परला वाटलं काटा बिघडलाय. तो स्वतः चढला तर ३०-३१.

पहिले तीन आठवडे फक्त चालायचं होतं. चीनमध्ये तिला मांजरीची चाल म्हणतात. सगळा भार मागच्या पायावर ठेवून पुढची टाच टेकवायची, पण तिच्यावर वजन टाकायचं नाही. जमीन पटली की हळूहळू पाऊल भरायचं आणि मागचं रिकामं करायचं. पार्किंगच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत जायला चार मिनिटं. वॉचमन पहिल्या दिवशी विचारून गेला, "साहेब, काही हरवलंय का?" कंटाळा येतो, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्याबरोबर लागलेले तिघे याच टप्प्यावर गळाले.

थोडं या विद्येबद्दल, कारण गैरसमज फार आहेत. नावातल्या 'ची'चा प्राणशक्तीशी संबंध नाही. चिनीत प्राणशक्तीचा शब्द 'छी', तो वेगळा. पूर्ण नाव 'थायचीछ्वान'. 'थायची' म्हणजे ते परम टोक, जिथून यिन आणि यांग ही एकमेकांविरुद्धची दोन तत्त्वं फुटतात, आणि 'छ्वान' म्हणजे मूठ. म्हणजे ही मुळात मारामारीचीच विद्या. हेनान प्रांतातल्या छन घराण्याच्या गावात सतराव्या शतकापासून तिचा माग लागतो. तिथे यांग लुछान (१७९९–१८७२) शिकला आणि पुढे पेकिंगमध्ये शिकवू लागला. वर उल्लेख केलेले छंगफू त्याचे नातू. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने यांग घराण्याच्या लांबलचक क्रमातून २४ हालचालींचा छोटा क्रम बांधला. आज जगभर अनेक क्लासांत सुरुवात त्यानेच होते आणि तो पाच-सहा मिनिटांत संपतो. समितीच्या हातून इतकं सुटसुटीत काही निघतं यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला. युनेस्कोच्या यादीत योग २०१६ ला गेला, ताई ची २०२० ला.

जांग सानफंग नावाच्या साधूने साप आणि पक्ष्याची झुंज पाहून ही विद्या काढली अशी दंतकथा सांगतात. इतिहासकार ती मानत नाहीत. मला ती ऐकताना आपले बाळंभटदादा देवधर आठवले. त्यांना सप्तशृंगगडावर मारुतीने मल्लखांब शिकवला अशी आख्यायिका आहे. माझे आजोबा पंचवटीतल्या तालमीत जोर-बैठका काढायचे आणि ही गोष्ट रंगवून सांगायचे. विद्या कुठलीही असो, तिला एक डोंगर आणि एक प्राणी लागतोच.

आता मनाचं. शांती मिळते, ऊर्जा वाहते वगैरे मी सांगणार नाही, मला तसं काही जाणवलेलं नाही. जे जाणवलं ते असं. २४ हालचालींच्या क्रमात 'एकेरी चाबूक' दोनदा येतो, नववा आणि अकरावा. मधे दहावी हालचाल, 'ढगांसारखे हात'. नवव्या चाबकानंतर ढगांकडे जायचं, अकराव्यानंतर पुढच्या हालचालीकडे. दोन्ही चाबूक दिसायला सारखेच. हात लांब करून उभे राहता आणि त्या क्षणी डोक्यात जीएसटीचं रिटर्न असेल, तर हा कितवा चाबूक ते कळत नाही. मग पुन्हा ढग, पुन्हा चाबूक, पुन्हा ढग. ऑक्टोबरमध्ये एकदा मी तीन फेऱ्या तशाच मारल्या आणि भिंतीपाशी पोचलो. सर बघत होते, काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "आज कोणाचं बिल थकलंय?" होतं एका माणसाचं, आठ हजारांचं.

मला यात आवडलं ते हे की मन भरकटलं हे तुम्हाला कोणी सांगावं लागत नाही. पाय सांगतो, आणि लगेच सांगतो. ध्यानाला डोळे मिटून बसलो की अर्धा तास हिशेब करून उठायचो आणि वाटायचं ध्यान झालं. इथे ती सोय नाही. दिवसाला दोन वेळा, सहा-सहा मिनिटं, मी थकलेल्या बिलांचा विचार करत नाही. चाळीस वर्षांत एवढा वेळ मोकळा काढला नव्हता. झोपही सुधारली आहे, पण ती पहाटे पाचला उठल्यामुळे की ताई चीमुळे, हे सांगता येणार नाही.

पाचव्या महिन्यात 'थुईशौ' सुरू झालं. दोघांनी मनगटं एकमेकांना लावून उभं राहायचं, गोल गोल फिरवायचं आणि समोरच्याचा तोल जाईल अशी संधी शोधायची. माझा जोडीदार पोलीस भरतीची तयारी करणारा २२ वर्षांचा मुलगा, दंड माझ्या मांडीएवढे. पहिला महिना त्याने मला सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत ढकलत नेलं. तो ढकलायचा आणि मी खांदे ताठ करून अडवायचो. सर म्हणायचे, "दार बंद करून उभे राहता, म्हणून तो दार तोडतो." जानेवारीत एका सकाळी, थंडीने हात इतके बधिर होते की ताठ करायची ताकदच नव्हती, त्याने जोर लावला आणि मी नुसता भार मागच्या पायावर नेऊन कंबर वळवली. तो माझ्या बाजूने पुढे गेला आणि टाकीला टेकला. "काका, परत करा ना," म्हणाला. परत जमलं नाही. त्यानंतर आजवर पाच-सहा वेळा जमलं असेल.

गुडघ्याबद्दल बजावून सांगतो, कारण चूक मी केली आहे. खूप खाली बसून करायची हौस टाळा. उंच उभं राहूनही फायदा मिळतो. आणि भरलेल्या पायावर पाऊल फिरवू नका. भार असताना वळलात की पीळ थेट गुडघ्याला बसतो. आधी रिकामा, मग वळवा. गुडघा नेहमी पावलाच्या बोटांच्या दिशेने. जो शिकवणारा पहिल्या आठवड्यात तुमचा गुडघा बघत नाही, त्याच्याकडून फी परत मागायची वेळ येते.

शरीराचा हिशेब. वजन ७४ चं ७३. त्यासाठी येणार असाल तर येऊ नका. पोटरीतले गोळे तिसऱ्या महिन्यात कमी झाले, आता महिन्यातून एखादा. कंबर रात्री आठनंतर अजून बोलते, पण पूर्वी दुपारी तीनला बोलायची. बीपीची गोळी होती तेवढीच आहे, आणि स्वतःच्या मनाने ती बंद करणारे रोज काउंटरवर भेटतात म्हणून सांगतो, करू नका. मार्चअखेरीस परत दोन काट्यांवर उभा राहिलो, तेव्हा डावीकडे ३८, उजवीकडे ३५. आणि कपाटाला न धरता उभ्याने पँट घालता येते. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण पन्नाशीच्या आसपासच्यांनी एकदा करून बघावं.

धंद्यामुळे पुरावा मागायची सवय आहे. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरचा अभ्यास आला होता. आठवड्यातून दोनदा एकेक तास, २४ आठवडे. एका गटाला ताई ची, दुसऱ्याला ताकदीचे व्यायाम, तिसऱ्याला स्नायू ताणण्याचे. तोल सांभाळण्यात ताई चीचा गट दोघांच्याही पुढे होता. पडण्याचं प्रमाण ताणवाल्यांपेक्षा कमी, पण ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत फरक ठाम नव्हता. तेव्हा चमत्कार नाही, आणि थापही नाही.

हे वाचल्यावर आईला सांगितलं. तिचं वय ७६, बाथरूममध्ये दोनदा घसरली आहे. क्लासला यायला तयार नाही, "या वयात काय चिन्यांशी मारामारी करू?" पण चहाला उकळी येईपर्यंत ओट्याला धरून एक पाय भरते, दुसरा रिकामा करते. उकळी आली की थांबते. साखर घालायची विसरली तर मात्र दोष ताई चीला.

बूट पातळ, सपाट तळाचे घ्या. साधे कॅनव्हासचे चालतात. धावायचे जाड टाचेचे बूट घातले तर पायाखाली काय चाललंय ते कळतच नाही, मी दोन महिने तसे घालवले. फी मी महिन्याला १२०० देतो. नाशिकमध्ये शिकवणारे कमी आहेत, त्यामुळे पहाटे गाडी काढून नदीपलीकडे जावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत हे अवघड जातं, कारण हालचाली इतक्या संथ की पहिली दहा मिनिटं अंगात ऊबच धरत नाही. माकडटोपी घालून 'पांढरा बगळा पंख पसरतो' करणारे आम्ही आठ जण कसे दिसत असू, हे वॉचमनच सांगू शकेल. आता तोही कधीमधी मागे उभा राहून पाय रिकामा करतो.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा कापला तो पहिल्या दोन महिन्यांच्या कंटाळ्यासाठी आणि सोळाव्या हालचालीसाठी. तिच्यात साप होऊन एका पायावर पार जमिनीलगत उतरायचं आणि तिथून कोंबडा होऊन त्याच दमात दुसऱ्या पायावर उभं राहायचं असतं. माझा साप अजून गुडघ्याच्या खाली उतरत नाही. सर म्हणतात, राहू द्या उंच. ठेवलाय उंच.