ससा, गिनिपिग की हॅमस्टर? घरी आणण्याआधी

परीक्षा संपल्यात, पोरांनी हट्ट धरलाय आणि शनिवारी क्रॉफर्ड मार्केटला जायचं ठरतंय. मुलांना काय आवडेल ते घटकाभर बाजूला ठेवा. त्या जिवाला तुमच्या फ्लॅटमध्ये धड जगता येईल का, ते आधी बघा.

ससा सगळ्यांत गोड दिसतो आणि हालही त्याचेच जास्त होतात. नीट सांभाळला तर ८ ते १२ वर्षं जगतो, म्हणजे चौथीतलं पोर कॉलेजात जाईपर्यंत. आम्ही एक आणला होता. दुकानदाराने जाळीच्या तळाचा पिंजरा दिला आणि ‘गाजर घाला, बास’ म्हणाला. सशाच्या पावलांना कुत्र्यामांजरांसारख्या गाद्या नसतात, नुसती दाट लव असते. तीन महिन्यांत मागच्या टाचांची लव झडून कातडी लालभडक झाली. तो कोपऱ्यात बसून राहायचा आणि आम्ही म्हणायचो, किती शांत आहे! ससा दुखणं लपवतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्याचे दात जन्मभर वाढतात, ते झिजायला दिवसभर सुकं गवत चघळावं लागतं. गाजर म्हणजे त्याची मिठाई, तीही कधीतरीच. उकाडाही त्याला सोसत नाही, त्यामुळे नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बाल्कनीत ठेवलेला ससा दगावू शकतो.

गिनिपिग ५ ते ८ वर्षं जगतात. उन्हाचा त्रास त्यांनाही होतो, पण जागा सशापेक्षा कमी लागते. मात्र एकटा आणू नका. स्वित्झर्लंडमध्ये तर एकटा गिनिपिग पाळायला कायद्यानेच मनाई आहे. दोन माद्या आणा. गिनिपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून गवतासोबत रोज ढोबळी मिरची द्यावी लागते. भाजीची पिशवी वाजली की ‘वीक-वीक’ करून घर डोक्यावर घेतात. उचललेलं मात्र बहुतेकांना आवडत नाही, जमिनीवर बसून हातातून खाऊ घाला.

हॅमस्टर जेमतेम दोन-तीन वर्षांचा सोबती. सिरियन हॅमस्टर एकटाच राहतो, जोडीदार दिला तर रक्त निघेपर्यंत भांडणं होतात. तो रात्री जागा असतो. शाळेतून आलेली मुलं त्याला झोपेतून उठवणार आणि तो चावणार. लहान मुलांच्या घरात मी तो आणणार नाही.

देशी पोपटाचा विचारच नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळणं गुन्हा आहे.

मला विचाराल तर गिनिपिगची जोडी, तीही कुणी सांभाळता येत नाही म्हणून देत असेल तर तिथून. पण शनिवारच्या आत जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करून ‘गिनिपिग बघता का?’ असं विचारा. बरेच जण फक्त कुत्री-मांजरं बघतात. बघणारं कुणी सापडलं नाही, तर यंदा आणू नका.