डायल प्लॅन लिहावा की टाइमआउटवर भागवावं?

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. इंटरनेटवरची लाइन घेतली तरी बटणांचे जुने फोन आम्ही काढले नाहीत, गेटवेला (जुना फोन इंटरनेटच्या लाइनवर चालवणाऱ्या डबीला) जोडले. नंबर लावून संपला हे गेटवेला कसं कळावं, हा प्रश्न तिथेच आला. एक तर शेवटच्या अंकानंतर काही सेकंद थांबून तो स्वतःच कॉल लावतो, हाच टाइमआउट (घाई असेल तर हॅश दाबायचं), नाही तर कुठल्या अंकाने सुरू होणारा नंबर किती अंकी, हे डायल प्लॅनमध्ये आधीच लिहून ठेवायचं. मी दोन्ही वापरून पाहिलंय.

टाइमआउटला काही करावंच लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. आमच्या गेटवेत तो मुळातच ४ सेकंदांचा होता. मला तेवढं चाललं असतं, पण तात्यांना नाही. नंबर लावून झाला की रिसिव्हरमध्ये काहीच ऐकू येत नाही, मग "फोन डेड झालाय बघ" म्हणून ते ठेवून द्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून लावायचे. हॅश दाबा म्हणून सांगितलं, फोनवर चिठ्ठी चिकटवली. पन्नास वर्षांची सवय चिठ्ठीने जात नाही. म्हणून वेळ २ सेकंदांवर आणली, तर उलटंच झालं. तात्या डायरीत बघून लावतात, ०८४६२ लावून निजामाबादच्या व्यापाऱ्याचा पुढचा नंबर शोधेपर्यंत अर्धवट नंबरच निघून जायचा. वेळ वाढवली तर शांतता, कमी केली तर तुटका नंबर. सौद्याच्या दिवसांत हे फार जाचलं, आणि मी प्लॅन लिहायला बसलो.

आपल्याकडे हे वाटतं त्याहून सोपं आहे. एसटीडी कोड लहान-मोठे असले तरी शून्य धरून नंबर ११ अंकीच होतो; इरोडचा ०४२४ घ्या की साताऱ्याचा ०२१६२. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइललाही शून्य लागतं, म्हणजे तोही ११. परदेशचे नंबर दोन शून्यांनी सुरू होतात, म्हणून दुसरा अंक शून्य नसावा एवढी अट घातली. ६ ते ९ ने सुरू होणारा १० अंकी नंबर आला तर पुढे शून्य गेटवेच लावतो. २ ने सुरू होणारा ७ अंकी आला तर सांगलीचा कोड ०२३३. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंक पुरे होताच कॉल निघत असल्याने टाइमआउट मी बिनधास्त ८ सेकंदांवर नेला. तात्या आता कोडनंतर चष्मा पुसून घेतात तरी नंबर तुटत नाही.

प्लॅनमध्ये जे लिहिलेलं नाही ते लागत नाही, हा मात्र त्याचा खरा तोटा. मी १८०० ने सुरू होणारे टोल-फ्री नंबर विसरलो होतो, दोन दिवस बँकेच्या हेल्पलाइनला फोन लागेना. हे नंबर कुठे १० अंकी, कुठे ११, काही तर ८ अंकी. तिथे लांबी बांधता येत नाही, वाट बघा किंवा हॅश दाबा.

एकच फोन असेल आणि वापरणारे तुम्हीच असाल, तर कदाचित टाइमआउटवरही भागेल. घरात वडीलधारं कुणी फोन लावत असेल तर मी प्लॅनच लिहीन. त्याआधी आठवडाभर कोण कुठले नंबर लावतं ते कागदावर टिपून ठेवा, आणि ११२ ची ओळ सगळ्यात आधी लिहा.