शेवटचा आयसीयू बेड कुणाला? तीन नियम समोरासमोर

एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या साथीत, पुण्यात व्हेंटिलेटर बेड मिळेनासे झाले होते. ती वेळ पुन्हा आली तर बेड कुणाला द्यायचा, हे तुमच्या हॉस्पिटलची कमिटी आज ठरवत असेल, तर तिच्यापुढे मुख्यतः तीन नियम असतात.

‘आधी येईल त्याला’ हा दिसायला सगळ्यात सरळ. पण आधी पोचतं कोण? कोथरूडमधला, घरची गाडी आणि ओळखीचा डॉक्टर असलेला माणूस. येरवड्याच्या वस्तीतून रिक्षा शोधत निघालेली बाई तासाभराने येते. रक्तातला ऑक्सिजन दोघांचाही ८२ टक्के. या रांगेत ती घरातून निघण्याआधीच मागे पडलेली असते. माझ्या मते हा नियम एकटा कधीच वापरू नये.

दुसरा नियम म्हणजे वाचण्याची शक्यता जास्त त्याला. त्यासाठी डॉक्टर ‘सोफा’ स्कोअर काढतात: फुफ्फुसं, यकृत, मूत्रपिंड, मेंदू, रक्ताभिसरण आणि प्लेटलेट्स, प्रत्येकाला ० ते ४, एकूण २४. गुण जितके जास्त, तितका धोका मोठा. यात वशिला चालत नाही, ही मोठी जमेची बाजू. पण डायलिसिसवरच्या पेशंटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो पदार्थ) मुळातच वाढलेलं असतं, म्हणजे साथीचा आजार होण्याआधीच त्याच्या खात्यात किडनीचे गुण पडलेले. शिवाय ७ आणि ८ गुणांमधल्या फरकावर कुणाचा जीव टांगू नये. कमी, मध्यम, जास्त असे ढोबळ गट पुरेत. इटलीतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने मार्च २०२० मध्ये वयाची मर्यादा घालावी लागू शकते असं म्हटलं होतं. मला ते मान्य नाही. पंचाहत्तरीतही ठणठणीत असलेली माणसं आपण रोज पर्वती चढताना पाहतो.

तिसरा नियम चिठ्ठीचा. ऐकूनच लोक संतापतात, पण अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये २०२० साली रेमडेसिविरचं वाटप चिठ्ठीनेच झालं, आणि गरीब वस्त्यांतल्या रुग्णांना त्यात जादा संधी ठेवली होती.

मी निवड केली तर अशी करेन: आधी गट पाडा, एकाच गटात बरोबरी झाली तर चिठ्ठी टाका. उपचार करणाऱ्या डॉक्टरवर हा निर्णय टाकू नका. त्यासाठी वेगळे तिघे नेमा. नियम मराठीत लिहून कॅज्युअल्टीच्या दारावर लावा, आणि बेड न मिळालेल्याला ऑक्सिजन, वेदनाशामक औषध व घरच्यांशी बसून बोलणारा माणूस मिळेल, हेही त्यातच लिहा.