आर्वीतलं चष्म्याचं दुकान: मामाजींना चष्मा दिला नाही, म्हणून लिहिते आहे

मी गावात ब्लाउज शिवते. सुईत दोरा ओवणं जड जाऊ लागलं, म्हणून आर्वीला चष्मा करायला गेले. मामाजीही सोबत होते. त्यांचं एकच म्हणणं, नंबर वाढला, काच बदलून द्या.

नजर तपासून नंबर काढणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्ट ताईंनी काच बदलली नाही. एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लावला, काचा लावून पाहिल्या, मग बारीक छिद्राची काळी चकती उजव्या डोळ्यापुढे धरली. नुसता नंबराचा दोष असला तर छिद्रातून अक्षर सहसा उजळतं. मामाजींना तरी धूसरच. ताई म्हणाल्या, "बाबाजी, चष्मा मी आत्ता बनवून देईन, पण या डोयाले त्याचा फायदा नाही. पयले डॉक्टरले दाखवा." मोतीबिंदू आहे की आणखी काही, हे नेत्रतज्ज्ञ ठरवतील, एवढंच बोलल्या. काय दिसलं ते चिठ्ठीवर लिहून दिलं. डोळ्याचा दाबही तपासून घ्या म्हणाल्या, कारण वाढलेल्या दाबानं काचबिंदू होऊ शकतो आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यात मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं. नवा नंबरही ताईंनी डोळा स्थिरावल्यावरच काढला.

याच डोळ्यासाठी दुसऱ्या एका दुकानानं आधी महागडा चष्मा गळ्यात मारला होता. नंबराचा कागद मागितला तर म्हणे, "चष्मा इथंच करता ना, मग कागद कायले पायजे?" अहो, डोळे आमचे, तपासणीचे पैसे आमचे! इथं कागद न मागता हातात आला.

माझा चष्मा करताना मशीनवर कापड डोळ्यांपासून किती लांब असतं ते हातानं दाखवायला लावलं, त्या अंतराला नंबर पाहिला. दोन्ही बुबुळांमधलं अंतर मोजलं. तयार चष्मा यंत्रावर लावून नंबर कागदाशी जुळतो का तेही दाखवलं. आता काळ्या कापडावर काळा दोराही दिसतो. मुलीसाठी मी ब्लू कट, म्हणजे स्क्रीनचा निळा उजेड अडवणारी काच मागितली, तर ताईंनी वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा 2023 चा आढावा सांगितला: 17 चाचण्या एकत्र पाहिल्या, तरी स्क्रीननं येणारा डोळ्यांचा शीण अशा काचेनं कमी होतो असं दिसलं नाही. साधीच काच घेतली.

एक गोष्ट मात्र खटकली. मामाजींना शुगर आहे का, हे बाकावर बसलेल्या चार लोकांसमोर विचारलं. मधे निदान एक पडदा हवा. मी ताईंना तसं सांगितलं, त्यांना पटलंही. फ्रेमा कमी आहेत, काचा नागपूरहून येतात म्हणून थांबावं लागतं. दुकानाची पायरीही उंच आहे, म्हाताऱ्या माणसाला हात द्यावा लागतो.

बाजाराच्या दिवशी जाऊ नका, गर्दीत तपासणी घाईची होते. जुना चष्मा आणि जुने कागद सोबत न्या.