भट्टीचा पिझ्झा की बेकरी बेसचा? ठाण्यात ठरवताना

ठाण्यात मोठ्या साखळी दुकानांपलीकडचा पिझ्झा खायचा तर साधारण दोन प्रकार समोर येतात. एक लाकडाच्या भट्टीवाल्यांचा: पातळ, फुगलेल्या कडेचा, इटलीतल्या नेपल्सच्या वळणाचा. दुसरा नौपाडा-पाचपाखाडीच्या गल्ल्यांतल्या छोट्या दुकानांचा: बेकरीतून आलेला अर्धवट भाजलेला बेस, शिजवून घट्ट केलेला गोडसर सॉस, वर किसलेलं चीज आणि गॅसचा ओव्हन. चव हा आवडीचा भाग आहे. पण पिझ्झा दुकानात बसून खाणार की घरी नेणार, हे आधी ठरवलंत तर निम्मा प्रश्न सुटतो.

भट्टीच्या कडेला तोड नाही, हे मान्यच करायला हवं. नेपल्समधल्या अस्सल पिझ्झाचे नियम सांभाळणारी संघटना १९८४ पासून आहे. तिच्या मते पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघायला हवा. त्यासाठी भट्टी ४३० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापलेली लागते. एवढ्या आचेवर कड झटकन फुगते, वर काळे ठिपके पडतात आणि आतून ती मऊ, ओलसर राहते. गॅसच्या साध्या ओव्हनला हे जमत नाही.

घोडं अडतं ते मधल्या भागाशी. भट्टीवाले ताजं मोझरेला वापरतात आणि त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. टोमॅटोही न शिजवता, नुसता कुस्करून घातलेला. दीड मिनिटात हे पाणी आटत नाही. म्हणून मध्यभाग मऊ, जवळजवळ लिबलिबीत येतो आणि त्या शैलीत तो तसाच अपेक्षित असतो. तिकडे काटा-सुरीने खातात, नाहीतर पिझ्झा पोळीसारखा चार घड्या घालून हातात धरतात. आपण मात्र त्रिकोणी तुकडा टोकाकडून उचलतो आणि वरचं सगळं ताटलीत सांडतं. त्यात आपल्याला कांदा, सिमला मिरची, मशरूम आणि पनीर एकाच पिझ्झावर हवं असतं. प्रत्येक भाजी आपलं पाणी सोडते. भट्टीवाल्याकडे गेलात तर मार्गारिटा किंवा फार तर एक टॉपिंग, यापुढे जाऊ नये. चीज आदल्या रात्री कापून निथळायला ठेवतात का, हेही खुशाल विचारा. चांगले भट्टीवाले ठेवतात.

पिझ्झा आला की आधी तुकडा उलटा करून बघा. तळाला तपकिरी-काळे ठिपके असतील तर भट्टीची फरशी नीट तापलेली होती. कड करपलेली आणि तळ पांढराफटक असेल, तर ज्वाळा मोठी होती पण फरशी थंड पडली होती. शनिवारी रात्री साडेआठ-नऊला हे हमखास होतं, कारण एकामागून एक पिझ्झे पडत राहतात आणि फरशीला पुन्हा तापायला उसंत मिळत नाही. सात-सव्वासातला जावं. पावसाळ्यात लाकूड दमट असलं तर तेव्हाही खात्री नाही. तळ कडू लागला तर पीठ बिघडलंय असं समजू नका. खाली भुरभुरलेलं जास्तीचं कोरडं पीठ जळलेलं असतं.

पार्सल हा भट्टीच्या पिझ्झाचा शत्रूच. बंद खोक्यात वाफ कोंडते आणि तळ ती शोषून घेतो. घोडबंदरच्या गर्दीत वीस मिनिटं गेली की हातात उरतो तो ओला रुमाल. माझा कौल दुसरीकडे झुकला तो मुख्यतः याच वैतागामुळे. एरवी भट्टीचाच पिझ्झा उजवा ठरवला असता.

बेकरी बेसचा पिझ्झा नेमका इथे टिकतो. बेस आधीच भाजलेला असल्याने त्याला वरून पापुद्रा आलेला असतो, त्यामुळे सॉस लगेच मुरत नाही. सॉसही आटवलेला. प्रोसेस्ड चीजमध्ये इमल्सिफाइंग सॉल्ट, म्हणजे स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा क्षार असतो, म्हणून ते वितळताना तेल किंवा पाणी वेगळं होत नाही. तार सुटत नाही, हा त्याचा तोटा. बरीच दुकानं त्यासाठी थोडं मोझरेला मिसळतात. घरी पोचल्यावरही तुकडा ताठ उचलता येतो. चार जण असाल तर सगळ्यांचे पिझ्झे साधारण एकाच वेळी येतात आणि खिशालाही हलके पडतात.

दोष आहेतच. बेस दोन दिवसांपेक्षा जुना असला की कड कोरडी, पिठूळ लागते, म्हणून ऑर्डर देताना बेस आजचा आहे का, एवढं विचारावं. काही ठिकाणी सॉस इतका गोड असतो की वर चिली फ्लेक्सचं अख्खं पाकीट रिकामं करावं लागतं. आणि तळ बहुतेकदा मऊ पावासारखा राहतो. त्यावर उपाय सोपा आहे. बेसच्या खालच्या बाजूला बटर लावून आधी मिनिटभर तव्यावर शेकून घ्या, असं काउंटरवर सांगायचं. गर्दी नसली तर कुणी नाही म्हणत नाही, आणि पिझ्झात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

कुणाकडे भट्टीचाच पिझ्झा घरी न्यायचा हट्ट असेल, तर तो कापू नका म्हणून सांगा. कापलेल्या फटींतून सॉस तळाखाली उतरतो. खोक्याचं झाकण बोटभर उघडं ठेवून न्या. घरी आल्यावर मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नका. बिडाचा तवा मंद आचेवर तापवून त्यावर तीन-चार मिनिटं ठेवा, झाकण न घालता. तळ पुन्हा कुरकुरीत होतो. मधला भाग मात्र ओलाच राहतो.